टाका

जिनिंगच्या काट्यावर बारा वर्षं झाली मला.
गाडी चढते, मी आकडा वाचतो,
पाणी मारलेला कापूस तळहाताला कळतो,
कवडी ढिगात हात घातल्याबरोबर.
आणि मोहद्याच्या बाजारात,
मिरच्यांच्या ढिगाशेजारी पोतं अंथरून बसलेल्या माणसाकडून
एक राणीछाप रुपया घेतला,
तीन हजारांना,
न तोलता.

तो म्हणाला, ‘धुऱ्यावर नांगर लागला, तवा निंघालं गाडगं.’
म्हणाला, ‘उद्या नागपूरचा शेठ येऊन रायला.’
म्हणाला, ‘तुमी जाणकार दिसता.’

या तिसऱ्या वाक्याचे अडीच हजार.
उरलेले पाचशे गाडग्याचे.
नाण्याचं काही द्यायचं राहूनच गेलं असावं.

घरी आणून चिंच लावली, राख लावली,
राणीचा गाल ताटासारखा लख्ख घासला.
शालू म्हणाली, येवढ्यात शेगडी आली असती.
मी म्हटलं, तुले नाही समजत.

ढोमणे सोनारांनी तो चिमटीत धरला
आणि फरशीवर सोडला.
चांदी पडली की बोलत राहते, जरा वेळ.
हा ठक् म्हणाला अन् गप्प बसला.
मग तो पिटुकला काटा, काचेच्या पेटीतला:
नऊ ग्रॅम, वर काही.
‘साडेअकराच्या वरतं पाह्यजे होतं.
अन् हे काठ पाय, साच्याची शिवण दिसून रायली.
खरा असता तरी घासून मारला असता तू त्याले.
कुठं कामाले हायेस म्हनतोस?’
‘काट्यावर.’
ते हसले नाहीत. चहा सांगितला.
हसले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर आठ महिने नुसतं पाहिलं.
हात मागे बांधून, पोळ्यात दुसऱ्याचे बैल पाहावेत तसं.
एक भोकाचा पैसा तेवढा घेतला, दहा रुपयांना,
तोही एकदा उठून जाऊन, पुढच्या बाजारी परत येऊन.
जुनं म्हणजे महाग नव्हे, हे कळायला वेळ लागला;
शिवराया तर किलोनं निघतात भंगारात.
आणि ज्या नाण्याला गोष्ट चिकटवलेली असते
त्याची गोष्ट खरवडून काढावी आधी,
मग भाव विचारावा.

एवढं शहाणपण खिशात घेऊन परवा
ढोमण्यांच्या ओट्यावर बसलो होतो.
लचमाबाई टेकाम आल्या झरीकडून,
पदराची गाठ सोडून माळ काढली:
काळ्या दोऱ्यात सात रुपये,
काळपट, कुणी कधीच न घासलेले.

मी न विचारता एक धरला.
काठ पाहिला. शिवण नाही.
बोटानं टिचकी मारली, बोलला.
साल वाचलं,
आणि मानेत काहीतरी गरम झालं माझ्या.
तरी सांभाळून, जाणकारासारखं, म्हणालो,
‘मावशी, टाका मारेल नाण्याले कोनी भाव देत नाही.
चांदीचेच पैसे येतीन.
टाका नसता, त दहापट आले असते ह्याचे.’

तिनं माझ्याकडे पाहिलं,
काट्यावर चढलेल्या रिकाम्या गाडीकडे मी पाहतो तसं.
‘टाका नसता त खर्चूनच गेला असता न बापू,
माह्या मायच्याच हातानं.’

मग ढोमण्यांकडे वळून,
‘हा कोन व्हय? विकाले कोन आलं?
चवथ्याचा टाका ढिला झाला, तेवढा बसवून द्या.’

मजुरी साठ सांगितली. ती तीस म्हणाली.
उठली, पायरी उतरली, चप्पल शोधत राहिली बराच वेळ.
चाळीसवर बसवून घेतला.
मी फुंकणीकडे पाहत होतो,
कान मात्र तिच्या चपलेकडे.

माझा राणीछाप आता काट्याच्या खोलीत असतो,
पावत्यांवर दाब म्हणून.
पंखा तीनवर केला
की पावत्यांसकट सरकतो.